मामा आजोबांच्या नावानं गेला

मामा लिफ्ट चालवायचा. मोठी सरकारी कचेरी, जुनी बिल्डिंग, आणि लिफ्टही तितकीच जुनी, जाळीच्या दाराची. दार हातानं ओढून लावायचं, हँडल फिरवायचं, तेव्हा कुठे ती कुरकुरत वर जायची. आत एक स्टूल, डोक्यावर पिवळा दिवा आणि एवढासा पंखा, तोही लहर लागली तर फिरायचा. खिडकी नाही. सगळी नोकरी मामानं त्या डब्यात काढली आणि संध्याकाळी घरी आला की चार जिने पायी चढला, कारण घराच्या बिल्डिंगीला लिफ्ट नव्हती. मामी म्हणायची, जगाला वर नेता आणि स्वतः धापा टाकता. मामा म्हणायचा, तिथे बसून पाय आखडतात, इथे मोकळे होतात, तक्रार कशाला.

कचेरीत सगळे त्याला लिफ्टमामा म्हणायचे. साहेब लोकसुद्धा. तो दार लावताना काहीतरी बोलायचाच, गप्प बसणं त्याला जमायचं नाही. एकदा एक कडक इस्त्रीचा माणूस आत आला आणि मामाच्या तोंडाकडे बघत राहिला. मग विचारलं, तुम्ही कुठले?

"तळमजल्याचा," मामा म्हणाला.

तसं नाही, मूळचे कुठले, असं त्या माणसानं विचारलं.

"मूळचा पण तळमजल्याचाच साहेब. रोज तिथूनच वर येतो."

हा किस्सा मामानं घरी शंभर वेळा सांगितला असेल. प्रत्येक वेळी आपणच आधी हसायचा. पण एकदा मामी म्हणाली, हसताय खरे, पण त्यानं विचारलं ते विचारलंच ना. तेव्हा मामा हसायचा थांबला आणि पायातले मोजे काढत बसला.

कारण लोकांच्या लेखी आम्ही तिकडचे. मामाचे आजोबा तरुणपणी बोटीनं इकडे आले, गोदीत पोती उचलली, इथेच म्हातारे झाले. मामाचे वडील इथे जन्मले. मामा इथे जन्मला, मामाचा मुलगाही इथेच. तिकडे कोणी कधी गेलं नाही, तिकडच्या भाषेतल्या चार शिव्या आणि एक अंगाई एवढंच घरात उरलं होतं. पण नाक तसं, रंग तसा, आडनाव तसं. कोणी म्हणायचं, तुम्ही आमची भाषा किती छान बोलता. मामा म्हणायचा, तुम्हीही छान बोलता. एकदा देशाची टीम हरली तर हा जेवला नाही, पाण्याचा तांब्या घेऊन नुसता बसला. शेजारचे आले आणि पाठीवर थाप मारून म्हणाले, तुमची तर जिंकली ना आज. मामा उठला. त्यानं त्यांना चहा दिला.

आता नावाचं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच अडकलं. आमच्यात थोरल्या नातवाला आजोबांचंच नाव ठेवतात. मामाला त्याच्या आजोबांचं नाव. मामाच्या वडिलांना त्यांच्या आजोबांचं नाव. म्हणजे आजोबांचं पूर्ण नाव आणि मामाचं पूर्ण नाव तंतोतंत सारखं, बापाच्या नावासकट. घरही तेच, चार जिन्यांवरच्या दोन खोल्या. पोस्टमन गोंधळायचा, तर आजोबा पत्र उघडून एवढ्याशा मामाच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, तुझं की माझं ते तूच बघ.

आणि अजून एक. आजोबा गेले तेव्हा मामा शाळेत जायचा. मोठी माणसं जमली, जे करायचं ते केलं, रडून झालं. पण कचेरीत जाऊन मेल्याची नोंद कोणी केली नाही. आमच्यात ते करतच नसत. ज्याचं नाव घरात खेळतंय तो मेला असं लिहून द्यायचं म्हणजे खेळणाऱ्या पोराचं मरण लिहून दिल्यासारखं. आजोबांची म्हातारी म्हणाली, नाव जिवंत आहे, माझ्या समोर भाकर मागतंय, त्याला मेलं म्हणू? कोणी गेलं नाही. तेव्हा कोण विचारत होतं.

मग एक वर्ष असं आलं की सगळ्या तिकडच्या घरांची ओळखीची कार्डं पुन्हा तपासायचं ठरलं. ते काम मामाच्याच कचेरीत, चौथ्या मजल्यावर. मामाच्या लिफ्टमध्ये आमचीच माणसं भरू लागली. म्हाताऱ्या बाया, पोटाशी पिशव्या धरलेले बाप्ये. जाताना एक तोंड, येताना दुसरं. मामा त्यांना सांगायचा, घाबरू नका, विचारलं तेवढंच बोला, पाणी पिऊन घ्या. लिफ्ट मध्येच अडकायची तेव्हाही तो असंच बोलायचा. हँडलला हात लावू नका, दार ओढू नका, ते आतून उघडत नाही, बाहेरून कोणीतरी किल्ली लावेल तेव्हाच उघडेल, तोवर शांत उभे राहा. माणसं ऐकायची त्याचं. आवाजच तसा होता.

त्याची स्वतःची पाळी आली तेव्हा त्यानं झाडूवालीला स्टुलावर बसवलं आणि आपल्याच लिफ्टमधून गिऱ्हाइकासारखा वर गेला. समोर चष्मा होता. चष्मा म्हणजे चौथ्या मजल्यावरचा कारकून, जाड काचांचा, मामाचा जुना दोस्त. रोज दोघं एका कपातला चहा अर्धा अर्धा करायचे. चष्म्यानं मामाचं नाव मशीनमध्ये घातलं, आणि काचा पुसून पुन्हा घातलं.

मशीन म्हणत होतं, या नावाचा, या बापाचा, या घरातला माणूस बोटीनं आलेला आहे. जन्म तिकडचा. मेल्याची नोंद नाही, म्हणजे जिवंत आहे. त्याच नावाचा, त्याच बापाचा, त्याच घरातला दुसरा एक माणूस इथे जन्मला असंही आहे, पण ती नोंद दुबार दिसतेय म्हणून मशीननं ती बाजूला काढलीय.

मामा म्हणाला, म्हणजे मी आजोबा?

"मशीनच्या मते."

"मग वय बघ की माझं. शंभरी कधीच ओलांडली. तब्येत बरी राखलीय म्हणायची."

चष्मा हसला, पण नुसतं तोंडानं. म्हणाला, "मामा, तुम्ही कोण ते मला माहितीय. मला माहीत असून उपयोग नाही." मुलाचं विचारलं तर मुलगा वाचला होता. त्याचं नाव त्याच्या आजोबांचं, पण ते इथे जन्मलेले, आणि दवाखान्यात गेले म्हणून त्यांची मेल्याची नोंद दवाखान्यानं परस्पर करून टाकलेली. अडकला तो एकटा मामा.

उपाय होता तसा. आजोबा मेले हे सिद्ध करायचं. पुरलं ती जागा केव्हाच रस्त्यात गेली होती. मग साक्षीदार आणा, ज्यानं मरण डोळ्यांनी पाहिलंय असा. त्या खोलीत तेव्हा जी माणसं होती त्यातलं एकच जिवंत होतं, ती आक्का, मामाची थोरली बहीण. तिला सगळेच आक्का म्हणतात, तिची पोरंसुद्धा. आजोबांच्या तोंडात शेवटचं पाणी तिनंच घातलं होतं. पण आक्का दुसऱ्या गावी, गाडीनं सकाळी निघालं तर संध्याकाळी पोचावं इतकं लांब, आणि छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेली. नाकाला नळी, उशाशी हवेचं मशीन. फोनवरची साक्ष चालत नाही. साक्षीदार याच कचेरीत, याच टेबलासमोर उभा पाहिजे. मामा म्हणाला, मीच जाऊन तिला घेऊन येतो, खांद्यावर आणतो. तेव्हा चष्म्यानं मान खाली घालून दुसरं सांगितलं. केस संपेपर्यंत कार्ड इथे जमा, आणि कार्डाशिवाय शहराबाहेर पाऊल टाकायचं नाही.

म्हणजे साक्षीदार तिकडे, हा इकडे. ती येऊ शकत नाही म्हणून केस संपत नाही, आणि केस संपत नाही म्हणून हा जाऊ शकत नाही. मामानं हे मामीला सांगितलं तेव्हा मामी भाजी चिरत होती. ती म्हणाली, परत सांगा. त्यानं परत सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे दोन्हीकडून दार लावलंय.

नोकरी लगेच गेली नाही. मोठ्या साहेबांनी चालवून घेतलं. पण कार्ड नाही तर आत कसं सोडणार, म्हणून फाटकावरचा दाढीवाला शिपाई रोज सकाळी मामाला पाहुण्याचा बिल्ला द्यायचा. मामा तो गळ्यात घालून स्टुलावर बसायचा. सगळी हयात त्या फाटकातून आत गेलेला माणूस, आणि छातीवर लिहिलेलं, पाहुणा. पहिल्या दिवशी दाढीवाला म्हणाला, "मामा, नियम आहे, पाहुण्यानं एकट्यानं लिफ्टनं जायचं नाही, लिफ्टमनला बरोबर घ्या." दोघं खूप हसले. नंतर ती चेष्टा दाढीवाल्यानंच बंद केली. बिल्ला देताना तो दुसरीकडे बघायला लागला.

मामाचं बोलणं कमी झालं. आमची माणसं लिफ्टमध्ये यायची, बिल्ला बघायची आणि काही विचारायची नाहीत. घाबरू नका असं आता कोणाला कसं सांगणार. घरीसुद्धा तो दाराजवळच्या खुर्चीवर बसू लागला, चपला पायात ठेवून. मामी म्हणायची, आत बसा की, घर तुमचंच आहे. तो म्हणायचा, इथे बरं वाटतं. मुलगा वकील बघून आला. वकील म्हणाला, होईल, पण वेळ लागेल. किती, ते त्यानं सांगितलं नाही.

आक्काला मामा रोज फोन करायचा. आक्का मोठी खट्याळ. धाप लागली तरी टोमणा सोडायची नाही. फोन उचलला की म्हणायची, बोला आजोबा, गुडघे कसे आहेत. मामा म्हणायचा, मला पाणी पाजायला तुला परत बोलावतोय, ये. मग दोघं जुन्या गोष्टी काढायचे. पण हळूहळू आक्काचं वाक्य अर्ध्यात तुटायला लागलं. एक दिवस टोमणा आलाच नाही. नुसतं हवेच्या मशीनचं फुसफुस ऐकू येत राहिलं, आणि मग ती म्हणाली,

"येऊन जा रे. मला तुझं तोंड बघायचंय. कार्डबिर्ड मला कळत नाही."

मामा दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वर गेला. चष्म्याला म्हणाला, काही तर असेल. चष्म्यानं आजूबाजूला बघितलं. असं एक होतं, पण ते तो इतके दिवस बोलला नव्हता. म्हणाला, "तुम्ही लिहून द्या की मशीन म्हणतं ते बरोबर. मी तोच, बोटीनं आलेला. मग केस उरत नाही. बाहेरचा म्हणून राहायची परवानगी निघते, दर वर्षी नवी करायची. त्यावर प्रवास करता येतो. पण मामा, एकदा दिलंत की मागे घेता येत नाही. आणि ही नोकरी इथल्या माणसाचीच, ती जाईल."

घरी मामी ऐकून उभीच राहिली. ती सहसा नवऱ्याला अडवायची नाही, पण त्या दिवशी दारात आडवी आली. म्हणाली, "जन्म इथला, आणि स्वतःच्या हातानं लिहून देणार, मी इथला नाही म्हणून? मग मी कोणाची बायको? पोरगा कोणाचा?"

"ती वाट बघतीय," मामा म्हणाला. एवढंच. आणि चपला पायात होत्याच.

चौथ्या मजल्यावर चष्म्यानं नियमाप्रमाणे एकेक प्रश्न विचारला. कुठून आलात, कसे आलात, बरोबर कोण होतं. हे सगळं मामाच्या तोंडूनच यायला हवं होतं. मामा आयुष्यात सरकारी टेबलासमोर खोटं बोललेला नव्हता. पण ही गोष्ट त्याला पाठ होती. आजोबांच्या मांडीवर बसून हजारदा ऐकलेली. तो सांगायला लागला आणि आजोबांसारखाच सांगायला लागला. मी बोटीनं आलो. कापसाच्या गाठींवर झोपलो. पोटात काही ठरत नव्हतं. एक म्हातारा मला लिंबू चोखायला द्यायचा. किनारा दिसला तेव्हा सगळे एकाच बाजूला धावले आणि बोट कलली, तेव्हा माझा एक बूट पाण्यात पडला. एका बुटानं मी या जमिनीवर उतरलो. गोदीतली माणसं मला एकबूट म्हणायची.

चष्म्याची बोटं थांबली. त्यानं विचारलं, कुठला बूट?

"डावा."

ते लिहायला मशीनमध्ये जागा नव्हती. मामानं सही केली. सही आजोबांची आणि त्याची वेगळी होती, पण ते तपासायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. झाडूवाली स्टुलावर बसून होती. मामानं तिला उठवलं नाही. गिऱ्हाइकासारखा उभा राहून खाली आला आणि दाढीवाल्याला बिल्ला परत केला.

आक्का भेटली. नुसती भेटली नाही, ह्याला बघून उठून बसली. मामा तिच्या पायाशी बसून तिला चमच्यानं पेज भरवत होता. तिनं सगळं ऐकून घेतलं, बुटापर्यंत. मग नळी नाकाला नीट करून म्हणाली,

"उजवा होता, गाढवा."

मामा इतका हसला की चमचा खाली पडला. हसता हसताच त्याचं रडं सुरू झालं आणि मग ते काही केल्या थांबेना. आक्का त्याच्या डोक्यावर हात फिरवत राहिली. ती म्हणाली, मी बरी होते आणि येते, आणि सांगते त्या चष्म्याला. मामा म्हणाला, आता नको येऊस, दार बंद झालं.

आणि बघा, जिची आशा सोडली होती ती आक्का सावरली. मामा परत आला तो मात्र वेगळाच माणूस होऊन. नोकरी गेली. जुनी लिफ्टही काढली, तिथे नवी बसवली, बटणाची, गुळगुळीत दाराची. तिला माणूस लागत नाही. वर्ष भरलं तेव्हा परवानगी नवी करायला मामा गेला. नव्या लिफ्टमध्ये शिरला आणि सवयीनं बाजूला कोपऱ्यात उभा राहिला, स्टुलाच्या जागी. एका पोरीनं विचारलं, आजोबा, कितवा मजला? मामा तिला म्हणाला, तुम्ही म्हणाल तो.

घरात तो दाराजवळच बसून असायचा. मुलगा म्हणायचा, बाबा, खाली फिरून या. मामा म्हणायचा, कोणी विचारलं तर? मुलगा म्हणायचा, कोण विचारणार आहे? मामा पायातल्या चपला सारख्या करायचा. पूर्वी ज्या प्रश्नावर त्याच्याकडे उत्तर तयार असायचं, त्या प्रश्नाला तो घाबरू लागला होता. तळमजल्याचा असं म्हणायची सोयच राहिली नव्हती.

सुनेला दिवस गेले होते, तेव्हा तेवढा थोडा खुलला. पोटाकडे बघून म्हणायचा, येऊ दे, येऊ दे, जागा करून ठेवतो. सगळ्यांना कळायचं तो काय म्हणतोय. थोरला नातू झाला तर नाव त्याचंच ठेवायचं होतं. पण बाळ यायच्या आधीच, एका सकाळी, त्याच खुर्चीवर, चपला पायात असतानाच तो गेला. मामीनं चहा आणला होता. तिला वाटलं डोळा लागलाय.

आक्का आली. पोरांनी खुर्चीत बसवून चार जिने चढवली. सगळं झाल्यावर म्हणाली, मला त्या कचेरीत न्या. हवेचं लहान मशीन मांडीवर घेऊन ती चौथ्या मजल्यावर गेली. मामी आणि मुलगा बरोबर. चष्मा मरणाची नोंद करत होता. नाव, बापाचं नाव, घर. जन्म कुठला, तिथे त्यानं तिकडचं गाव लिहिलं, कारण मामानंच तसं दिलं होतं. आक्का थांबत थांबत बोलली.

"मी साक्षीदार आहे. आजोबा गेले तेव्हा मी होते. माझा भाऊ इथे जन्मला तेव्हाही होते, मीच दाईला बोलवायला पळाले होते. विचारा मला."

चष्म्यानं चष्मा काढला. म्हणाला, आक्का, आता विचारायला केसच उरली नाही. बोटीनं आलेला जो माणूस होता, त्याची नोंद आज मिटली. आक्कानं विचारलं, आणि इथे जन्मला तो?  त्याची नोंद कधीच बाजूला गेली होती. कचेरीच्या लेखी आजोबा आत्ता मेले, आणि मामा झालाच नव्हता.

बाळ झालं, मुलगा झाला. घरात कोणी नावाचा विषय काढेना. सगळे मामीच्या तोंडाकडे बघायचे. मामीनं आयुष्यात नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलेलं नव्हतं, अहो म्हणूनच भागवलं. तरी बाळाला पाळण्यात घालताना तिचे ओठ हलायचे, आणि ती थांबायची. आक्कानं फोनवर सांगितलं, तू ठरव, आम्ही कोणी बोलणार नाही.

नोंद करायला मुलगा निघाला तेव्हा मामी म्हणाली, मी येते. मुलानं बाळाचं जे नाव सांगितलं ते इथलंच, साधं, प्रत्येक गल्लीत चार सापडतील असं. चष्मा लिहिता लिहिता थांबला. हळूच म्हणाला, "ते नाव नाही ठेवलंत?"

"ते वारलं," मामी म्हणाली. "तुम्हीच लिहिलंय."

बाहेर लिफ्टचं दार उघडं होतं. मुलगा आत शिरला आणि वळून बघितलं. मामी बाळाला खांद्याशी घेऊन जिन्यानं उतरायला लागली होती.